कापलेला कोपरा

हर्षालीनं बाराव्या कार्डाचा कोपरा तिरपा कापला, राजनंदिनीचा तळहात कालवलेल्या कुंकवात टेकवला आणि कार्डावर दाबून धरला. एवढासा पंजा उमटला.

कोपऱ्याची ही तऱ्हा तिला मुरुम गावच्या बाजारात सापडली होती. रद्दीवाल्याकडून तिनं जुन्या पत्रांचा गठ्ठा आणला होता. त्यात संक्रांतीची रंगीत भेटकार्डं होती आणि बरीच साधी पोस्टकार्डं. मजकूर पार पुसटलेला, पण काहींचा एक कोपरा तेवढा कापलेला. तिला ते आवडलं. लेकीची पहिली संक्रांत. सातव्या महिन्यात जन्मलेली, वीस दिवस काचेच्या पेटीत राहिलेली पोर. ती आता बरी आहे, हे नातलगांना तिच्याच हातानं कळावं असं हर्षालीला वाटत होतं.

तीळ निवडता निवडता सासूबाईंनी एक कार्ड उचललं.

"हे कोपरे कुणी कापले गं?"

"मीच. जुन्या कार्डांवर आहेत तसे."

सासूबाईंनी कार्ड पालथं ठेवलं.

"मयताच्या कार्डाचा कोपरा कापायचे. वाचायच्या आधीच कळावं म्हणून. कालिजात हे न्हवतं व्हय शिकिवलं?"

हर्षालीनं पोरीला उचलून छातीशी धरलं.

"सगळी कार्डं इथंच हायेत न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

"एक गेलं. सकाळी हिंमतरावांबरोबर. सास्तूरला, आत्यांना."

आत्यांचा फोन नुसताच वाजत राहिला. शेजारचे हिंमतराव मात्र फोनवर लगेच बोलले, "घरी कुणी न्हवतं वहिनी, कडीला अडकवून आलो."

दुपारी दारात जीप थांबली. हर्षालीच्या नवऱ्याच्या, कृष्णराजच्या आत्या, कमलबाई, अनवाणीच उतरल्या. ओसरीवर राजनंदिनी चमचा आपटत बसली होती. तिला बघून कमलबाई उंबऱ्यातच खाली बसल्या.

"आत्या, चुकलं माझं. मला ठाऊकच नव्हतं..."

"वाचता कुठं येतंय मला? एवढासा पंजा दिसला, अन् कापलेला कोपरा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वाटंतच म्या हिला मातीत ठिवलं, पोरी."

"वन्सं, सणाच्या तोंडावर असलं बोलू नका," म्हणत सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. कमलबाईंनी तो बाजूला ठेवला. मुठीत चुरगळलेलं कार्ड हर्षालीच्या हातात दिलं.

"काय लिवलंय ते तरी कळू दे."

हर्षालीनं कार्ड मांडीवर सरळ केलं.

"आत्याआजी, मला दोन दात आले. बघायला या."

कमलबाईंनी पोरीला जवळ ओढलं, बोटानं तिचा ओठ उचलून पाहिला. खाली दोन पांढरे ठिपके होते.

"व्हय, दोनच हायेत," त्या म्हणाल्या. मग हर्षालीकडं न बघता म्हणाल्या,

"पुन्हा वाच."