पाहुण्यांचा साबण

त्या घरात साबणावरून माणूस ओळखावा. बाथरूमच्या फळीवर प्रत्येकाची वेगळी साबणदाणी, आणि प्रत्येकीत सासूबाईंनी स्वतःच्या हाताने ओतलेला, ज्याचा त्याचा साबण. सासऱ्यांचा देवदाराचा. सासूबाई स्वतः उरल्यासुरल्या तुकड्यांवर भागवायच्या. थोरल्या मुलीचा संत्रं आणि लवंगेचा. धाकटीचा पुदिन्याचा, इतका झणझणीत की शेजारच्याला शिंक यावी. आणि टोकाला पांढरी साबणदाणी, लॅव्हेंडरची. ती पाहुण्यांसाठी.

आमचे जावईबापू लग्न झाल्यापासून त्या पांढऱ्या साबणदाणीवर होते.

जावईबापूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांच्या इमारतीच्या तळाशीच. वर सासरच्या घरात एक खोली रिकामी होती, वेगळं घर शोधण्यात कुणाला अर्थ दिसेना, म्हणून थोरलीशी लग्न करून ते वरच राहायला आले. घरजावई! मित्रांनी चिडवून चिडवून पुरेवाट केली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटायचं ते संध्याकाळी, कोपरापर्यंत वंगणाने काळे झालेले हात घेऊन फळीसमोर उभं राहिल्यावर. लॅव्हेंडरचा वास त्यांना मुळात सोसत नव्हता, डोकं धरायचं. पण दुखणं डोक्याचं नव्हतं. वर्ष उलटलं तरी या घराने आपल्याला पाहुणाच धरलंय, ही गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. बायकोला सांगायची सोय नव्हती. "साबणावरून रुसलात?" म्हणून ती हसली असती, आणि हसण्यासारखंच होतं म्हणा.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपला हात जगन्नाथ. सासूबाईंचं काम त्यांनी दारातून कितीदा पाहिलं होतं. त्यात काय अवघड आहे? जो माणूस डोळे मिटून चाक सरळ करतो, त्याला साबण जमणार नाही?

एका रविवारी सगळे नात्यातलं नवं बाळ बघायला निघाले. जावईबापूंनी दुकानातल्या कामाची सबब सांगितली आणि पावलं जिन्यावरून खाली गेल्याबरोबर स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, सगळं सासूबाईंसारखं. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवला, ते पाणी निवू दिलं, कोमट तेलात घातलं आणि ढवळत बसले. मिश्रण हळूहळू दाटलं. चमचा वर धरला की सांडणाऱ्या धारेची रेघ वर उमटून राहायला लागली. वास घालायची वेळ झाली होती.

बाटली त्यांनी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. व्हॅनिला. दुकानदार म्हणाला होता, "मेणबत्त्या करणारे डोळे झाकून नेतात." मेणबत्ती काय नि साबण काय, वास तो वास, असा जावईबापूंनी हिशोब केला आणि बाटली उपडी केली.

एक वेढा ढवळलं. दुसरा वेढा निम्म्यातच अडला. तिसऱ्याला चमचा हलेचना. बघता बघता पातेल्यात दगड झाला, आणि त्यात चमचा असा ताठ उभा की झेंडाच रोवलाय म्हणावं. जावईबापूंनी दांडा दोन्ही हातांनी ओढला, तर पातेलंच वर आलं.

आणि नेमकं तेव्हाच कुलूप वाजलं. बाळासाठी विणलेलं टोपडं घरीच राहिलं म्हणून सासूबाई एकट्याच अर्ध्या रस्त्यातून परतल्या होत्या.

त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं, अधांतरी लोंबणाऱ्या पातेल्याकडे पाहिलं, मग बाटली उचलून नाकाशी नेली. जावईबापूंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"अग्गंबाई! मेणबत्तीचं तेल घातलंत होय? ते साबणाशी भांडतं. ठेवा खाली ते पातेलं, पायावर पडेल. आणि हातमोजे काढू नका, अजून जहाल आहे ते."

ओरडल्या नाहीत. त्याचंच जावईबापूंना जास्त लागलं. धाकटीने साधा कप फोडला तर घर डोक्यावर घेणारी ही बाई, आणि आपल्याला कसं अदबीने बोलते!

सासूबाईंनी फोनवरून घरच्यांना पुढे जायला सांगितलं, हातमोजे चढवले, मोठ्या भांड्यात पाणी उकळायला ठेवलं आणि पातेलं त्यात बसवलं. "वाया नाही जायचं. शिजवलं की मऊ पडतं. रूप येणार नाही, पण साबण होईल. ढवळत राहा." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण हवा होता तर मला सांगायचं नाही?"

"असंच आपलं. तुमचा साबण छानच आहे."

"बघा! पुन्हा छान!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी माणसाचा वास कशावरून ठरवते माहितीये? त्याच्या नावडीवरून. ह्यांनी माझा पहिला साबण खिडकीतून भिरकावला होता, तेव्हा कळलं की ह्यांना फुलांचा वास चालत नाही. थोरलीने नाक मुरडून मुरडून सात बाटल्या परत पाठवल्या. आणि तुम्ही? तुमच्यापुढे मी वास लावलेल्या किती कागदाच्या पट्ट्या धरल्या! हा कसा आहे? छान. हा? छान. एकदा तर मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. म्हटलं आता तरी बोलतील. तुम्ही दोनदा मागून घेतलीत!"

जावईबापूंना ती भाजी चांगलीच आठवत होती.

"मग मी काय करायचं? ज्याला काही नकोच वाटत नाही, त्याला हवं काय ते कसं ओळखायचं? लॅव्हेंडरला कुणी नावं ठेवत नाही, म्हणून तो दिला."

ढवळता ढवळता जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्याच्या घरात राहायचं, वर तक्रार करायची, बरं दिसतं का ते?"

सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"दुसऱ्याच्या?" त्या म्हणाल्या. "मी वर्षभर समजत होते, आमचं काही तुमच्या मनाला येत नाही, म्हणून वरवर बोलता. रात्री ह्यांच्यापाशी रडलेसुद्धा एकदा."

जावईबापू पातेलं ढवळत राहिले. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि म्हणाले, "लॅव्हेंडरने माझं डोकं दुखतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अरे गाढवा!" सासूबाई अशा ओरडल्या की समोरच्या गॅलरीतली बाई डोकावली. "वर्षभर डोकं धरून अंघोळी केल्यास? तोंडाला काय कुलूप होतं?"

मग त्या हसत सुटल्या आणि डोळे पुसत बाटल्यांचा डबाच घेऊन आल्या. गोळा शिजत होता तोवर त्यांनी एकेक थेंब टाकलेल्या पट्ट्या पुढे केल्या, आणि जावईबापूंची भीड चेपत गेली. गुलाब? नको, हाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. निलगिरी? सर्दी झाल्यासारखं. पचौली? शी, ओल्या पोत्याचा वास. प्रत्येक नकारासरशी सासूबाईंचा चेहरा खुलत होता. गवती चहाची पट्टी मात्र जावईबापूंनी हुंगली, पुन्हा हुंगली, आणि परत दिलीच नाही.

"सापडला," सासूबाई म्हणाल्या. "वंगण निघायला कॉफीचा चोथाही घालू त्यात. पण एक सांगते, हा वास उडतो लवकर. अस्सल तेलं अशीच. साबण पेटीत ठेवायचा, उन्हात नाही."

शिजवलेला गोळा दोघांनी मिळून साच्यात दाबून बसवला. पुढे तो व्हॅनिलापायी काळपट तपकिरी झाला, दिसायला अगदीच ध्यान. जावईबापूंनी तो खाली दुकानात नेला आणि गिऱ्हाईकांना मोठ्या ऐटीत हात धुवायला दिला.

गवती चहाचा साबण ओतला, वड्या पाडल्या, मग काही आठवडे तो कपाटात मुरत पडला. रोज संध्याकाळी जावईबापू कपाट उघडून हुंगायचे आणि सासूबाईंची बोलणी खायचे, "सारखं उघडू नकोस रे, उडेल तो!" अखेर एके दिवशी फळीवर पाचवी साबणदाणी आली.

आठवडाही झाला नसेल. जावईबापू काळे हात घेऊन बाथरूममध्ये शिरले, पाहतात तर वडी ओली, निम्मी झिजलेली आणि वर कुंडीतली माती चिकटलेली. त्यांचं टाळकंच सटकलं.

"माझा साबण कुणी वापरला?"

आवाज घरभर घुमला. आपणच ओरडलो हे कळायला त्यांना क्षणभर लागलं. बाहेर धाकटी फिसकन हसली, आणि सासऱ्यांचा ओशाळलेला आवाज आला, "झाडं लावत होतो, माती निघेना. घेतला जरासा."

"जरासा?" स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या. "विचारून नाही घ्यायचं? त्याचा आहे तो!"

जावईबापू बंद दाराआड तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी बाहीला पुसले. मग आपण रागावलो आहोत हे आठवून दार जरा जोरातच उघडलं.