शेवटचे चाळीस सेकंद

"'या तिघांना सूर कळतो की नाही, याबद्दल मी दोन वर्षं साशंक होतो,'" रिसेप्शनवालीने मोठ्याने वाचलं आणि ती थांबली. "ताई, पुढे वाचू? की आधी पाणी पिता?"

"वाच गं. त्यांनी आजवर कुणाला सोडलंय?"

ताई जिथं लोकांची श्रवणचाचणी घ्यायच्या, त्या कानाच्या दवाखान्यात पहिला पेशंट यायला अजून वीस मिनिटं होती. लिहिणारे होते दैनिकाचे संगीतसमीक्षक. कलाकार मंडळींत त्यांचं नाव 'कातर'. आणि ते तिघं म्हणजे 'दुसरा मजला' हा बँड. त्यात कीबोर्ड आणि कॉम्प्युटरवर गाणी रचून गाणारी ताईंची लेक होती, आणि तिचे कॉलेजपासूनचे दोन मित्र. त्यांच्या पहिल्या अल्बमवर तोवर दोनच ठिकाणी छापून आलं होतं. एका मासिकाने त्याला 'वॉशिंग मशीनला आलेला ताप' म्हटलं होतं. एका वेबसाइटने साडेतीन तारे दिले होते आणि गायिकेचं नाव चुकवलं होतं. लेक म्हणायची, "कातरांनी झोडपलं तरी चालेल, पण एकदा ऐकलं तरी पाहिजे."

"'ती शंका मी मागे घेतो,'" रिसेप्शनवालीचा आवाज चढला. "'शेवटच्या गाण्यात ठेका जातो, गळा जातो, आणि चाळीस सेकंद एकच सूर उरतो. केसाएवढा बारीक, आणि इतका वर की आपण तो ऐकतोय की आठवतोय हे कळेनासं होतं. तो थांबल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.' ऐकलंत? कातर उठले नाहीत!"

"गुडघे धरले असतील," ताई म्हणाल्या. पण पेपर त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला.

तो सूर त्यांच्याच मशीनचा होता. एका रविवारी लेकीने दवाखान्यात येऊन श्रवणचाचणीच्या यंत्रातले सूर एकेक करून रेकॉर्ड केले होते. त्यातला सगळ्यांत वरचा, आठ हजार हर्ट्झचा. घरी गाणं दोनदा लावलं गेलं, आणि दोन्ही वेळा ताई एकाच जागी "छान झालंय हं" म्हणून चहाचे कप उचलायला उठल्या होत्या. म्हणजे तेव्हा गाणं संपलं नव्हतं.

ताई चाचणीच्या बंद खोलीत गेल्या, चांगले हेडफोन लावले आणि मोबाइलवर गाणं सुरू केलं. ठेका गेला. गळा गेला. पडद्यावरचे सेकंद त्या मोजत राहिल्या : एक, दोन, दहा, पंचवीस. चाळीस. गाणं थांबलं. ताईंना आपल्याच श्वासाखेरीज काही ऐकू आलं नव्हतं.

मोबाइलचा दोष असेल. त्यांनी रिसेप्शनवालीला बोलावलं, मशीनवर आठ हजार लावले, हेडफोन मशीनला जोडले आणि खुर्ची फिरवली. "मी पाठ करून बसते. तू हे बटण दाब."

थोडा वेळ गेला.

"दाब की."

"ताई, तीनदा दाबलं."

"आता तू ऐक."

रिसेप्शनवालीने हेडफोन लावले आणि लगेच काढले. "अगं बाई! डासच शिरला कानात."

मशीन ठणठणीत होतं. टेबलावर रोजच्या तपासणीची वही होती. अठ्ठावीस वर्षं दवाखाना उघडला की ताई आधी मशीनचा प्रत्येक सूर स्वतः ऐकायच्या आणि वहीत खूण करायच्या. त्यांनी पानं मागे उलटली. आज सकाळी, काल, परवा, मागच्या महिन्यात, आठ हजारांसमोर त्यांच्याच हातची खूण. बटण दाबलं की मशीनवर हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की सूर वाजला, हे त्यांना इतकं पाठ झालं होतं की कान कधी मागे राहिला ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. लोकांचे कान तपासणारी बाई डोळ्यांनी ऐकत होती.

डॉक्टर आल्या आल्या ताई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. "उद्यापासून मशीन दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं. वरचा सूर मला ऐकू येत नाही. कधीपासून, ते सांगता येणार नाही."

"वयाने होतं ताई. माझंही झालं असेल."

"तुम्ही वहीत खूण करत नाही. मशीन बिघडलं असतं तरी मी ठीकच लिहिलं असतं." त्यांनी वही उघडून पुढे ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली आणि मान डोलावली.

संध्याकाळी सहाला 'दुसरा मजला'चा कार्यक्रम होता. सकाळच्या पेपरमुळे सभागृहाच्या तीनशे खुर्च्यांची तिकिटं दुपारीच संपली होती. ताई रंगमंचामागच्या खोलीत गेल्या तर लेक वायरींच्या गुंत्यात उभी.

"आई, कातर आलेत! तिसऱ्या रांगेत. आणि तू अजून काही बोललीच नाहीस. शेवट कसा वाटला?"

"मला ऐकू येत नाही तो."

"मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलास?"

"बंद खोलीत ऐकला. पाठ करून, दुसऱ्याला बटण दाबायला लावून. नाही येत बाळा."

लेक हसली. "म्हणून तू मध्येच छान म्हणून उठलीस? मला वाटलं, आवडलं नाही तुला." मग ते हसू तिथंच राहिलं. "अगं, तो तुझ्यासाठी होता."

ताईंनी तिच्या खांद्यावरची वायर काढून बाजूला ठेवली. लेक एकदम लॅपटॉपकडे वळली. "थांब. दोन मिनिटं लागतील. चार हजारांवर आणते. तो येतो ना तुला?"

"येतो. पण हात लावू नकोस."

"कातर गेले उडत! तुला ऐकू यायला नको?"

"त्यांच्यासाठी नाही म्हणत. तो जिथं आहे तिथंच बरोबर आहे. माझ्या कानाच्या मापाने गाणं बेतू नकोस. जा, वेळ झाली."

ताईंना कडेची खुर्ची मिळाली होती, भिंतीला लागून. शेवटचं गाणं सुरू झालं. ठेका गेला, गळा गेला, लेकीने कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले. ताईंनी रंगमंचाकडे पाहणं सोडलं आणि त्या सभागृहाकडे वळल्या.

चाचणीला बसलेल्या, काचेपलीकडच्या माणसाला सूर पोचला की तो बटण नंतर दाबतो. आधी श्वास धरतो. हे त्यांनी एकेका माणसात हजारो वेळा पाहिलं होतं. आता तीनशे माणसांनी एकदम श्वास धरला होता. एका बाईचा हात पर्समध्ये अर्धा तसाच थांबलेला. एक जाडजूड गृहस्थ तोंड किंचित उघडून छताकडे पाहत होता, जणू तिथून काही खाली येणार होतं. तिसऱ्या रांगेत कातरांनी चष्मा काढून डोळे मिटले होते. कुणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही. एवढी शांतता त्यांनी चाचणीच्या खोलीतही कधी अनुभवली नव्हती.

मग मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत सगळे खांदे हळूच खाली आले.

सूर थांबला, ताईंना कळलं. टाळ्या त्यानंतर सुरू झाल्या.