आबा आणि उपाशी हाडं

आमच्या आबांना एकदा कुणी ‘आता बरं झालं’ म्हटलं, की त्यांच्यापुरता विषय मिटतो. मग समोर डॉक्टर असो नाहीतर ब्रह्मदेव.

आबा म्हणजे माझे सासरे, वना आबा. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. घरात तर नाहीच. माझे मिस्टर सुरतला कामाला, त्यामुळे घरात मी, आबा आणि आई. आई म्हणजे सासूबाई, यशोदाबाई.

आईंना तीन वर्षं मूतखडे होत होते आणि हाडं ठणकत होती. शेवटी धुळ्याला निदान झालं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यातल्या एकीत गाठ होऊन ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात वाढवत होती. ती ऑपरेशन करून काढली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. आता हाडं उपाशी आहेत, रक्तातलं कॅल्शियम ती ओढून घेतील. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि कॅल्शियम नि त्या ग्रंथींचा हार्मोन तपासायला वेळेवर यायचं. ओठांना मुंग्या आल्या, हात आखडला, तर तसंच उठून निघायचं. आखडणं गळ्यापर्यंत गेलं तर श्वास अडतो.

आबांनी यातलं एकच ऐकलं, ‘कॅल्शियम’. तीन वर्षं, खडे कॅल्शियमचे म्हणून त्यांनी आईंचं दूध बंद केलं होतं, पानाला चुना लावू दिला नव्हता. आणि आता त्याच्याच गोळ्या? डॉक्टर लोक आधी रोग काढतात आणि मग परत भरतात, असं त्यांनी चार माणसांत सांगितलं आणि गोळ्या बंद करून टाकल्या. लपवलेलं एक पाकीट मी चोरून देत होते, तेही संपलं. तपासणीची तारीख आली तेव्हा कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा श्रावणातला सण, तोंडावर होती. घरात नैवेद्याच्या रोटांचा गहू दळून झालेला. म्हणाले, कानबाई झाल्यावर पाहू.

शनिवारी आईंच्या ओठांना मुंग्या आल्या. रविवारी कानबाई बसवताना डाव्या हाताची बोटं ताठ झाली आणि थोड्या वेळाने सुटली. मी आबांना सांगितलं. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. बायकांना सणाच्या दिवशीच कसं दुखतं, एवढं मात्र बोलले. राग असा आला होता, की हातातली परात आपटावी. नाही आपटली.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर न्यायची होती. अंगणात अख्खी भावकी जमलेली, वाजंत्री दारात. आईंनी कानबाईला हळदकुंकू लावायला हात पुढे केला आणि तो तिथेच आखडला. मनगट आत वळलं, बोटं एकमेकांना चिकटली, अंगठा तळहातात शिरला. बांगडी भरताना कासार हात दाबून धरतो ना, तसा. मग दुसराही. तोंड ओढल्यासारखं झालं, अंग थरथरू लागलं.

आबांची भावजय भागाबाई ओरडली, “कानबाई अंगमा उनी!”

झालं. देवी अंगात आली म्हणून बायका आईंच्या पाया पडू लागल्या. कुणी मळवट भरला, कुणी ओटी आणली. ही देवी नाही, कॅल्शियम उतरलंय, दवाखान्यात न्या, असं मी सांगत होते. भागाबाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. देवीसमोर दवाखान्याचं नाव काढू नये म्हणे. आईंचं कण्हणं बारीक होत चाललेलं मला ऐकू येत होतं, आखडणं गळ्याकडे निघालं होतं.

गर्दीतून आबा पुढे आले. काल ज्या हाताकडे त्यांनी पाहिलं नव्हतं, त्याच हाताखाली त्यांनी डोकं ठेवलं. “माय, काय चुकनं आमनं?”

आई पूर्ण शुद्धीवर होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी ओटी भरायचं निमित्त करून वाकले आणि त्यांच्या कानात म्हटलं, आई, आत्ता बोला, आत्ता ऐकतील.

त्यांनी मोठ्या कष्टाने श्वास घेतला.

“वना, गाडी काढ. धुयाले चाल.”

वाजंत्रीसुद्धा थांबली. एवढ्या संसारात आईंनी नवऱ्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. आता कुणालाच शंका उरली नाही. नवऱ्याला अरेतुरे करणारी यशोदा असूच शकत नाही, ही कानबाईच. आबा हात जोडूनच उठले आणि धुळ्याला न्यायला धावत जाऊन पिकअप घेऊन आले. मागे बसून भागाबाई वाटभर कानबाईची गाणी म्हणत होती. मी आईंचं डोकं मांडीवर घेऊन त्यांचा श्वास ऐकत होते. गाडी इतक्या जोरात आबांनी कधीच चालवली नसेल.

धुळ्याला छातीला मशीन लावून शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं, तेव्हा कुठे बोटं सैल पडत गेली. रिपोर्टमध्ये कॅल्शियम पार खाली गेलेलं, हार्मोन मात्र वाढलेला. ऑपरेशनआधीसारखाच तो वाढलेला पाहून आबा लगेच म्हणाले, रोग परत आला. डॉक्टरांनी न रागावता सांगितलं, की गाठ परत आलेली नाही. कॅल्शियम उतरलं म्हणून उरलेल्या ग्रंथी जोर लावतायत, तेव्हा गोळ्या द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायला आणा. आबा होकार देत होते. पण त्यांचे जोडलेले हात डॉक्टरांकडे नव्हते, पलंगाकडे होते.

मग ते देवी शांत झाल्याचं गावाकडे फोन करून कळवायला बाहेर गेले.

आईंनी बोटं उघडमीट करून पाहिली. मला वाटलं, त्या हसतील. मी म्हटलं, आई, वाचलो आपण.

त्या दाराकडे पाहत होत्या. बाहेरून आबांचा भक्तीने भरून आलेला आवाज ऐकू येत होता.

“आज देवी व्हती म्हनीसन गाडी निंघनी, नूतन,” आई म्हणाल्या. “पुढला आठवडाले नुसती मी ऱ्हासू.”