बहिऱ्या, चावी आण

मी पियानो जुळवतो, चावीनं तारा पिळून. तीस वर्षं हेच करतोय आणि तीस वर्षं पियानो वाजवणाऱ्या मास्तरांच्या शिव्या खातोय. सूर केसभर सरकला तरी ते आतल्या खोलीतून ओरडायचे, "अरे बहिऱ्या, चावी आण!" नावानं हाक त्यांनी मला कधी मारलीच नाही.

गेले सात महिने मास्तर एक अक्षर बोललेले नाहीत. दुखण्यानं डोकं पार पुसून काढलंय. पोटची मुलगी समोर आली तरी भिंतीकडे बघावं तसं बघतात.

त्या पोरीनं मग एका कार्यक्रमाचा घाट घातला. मास्तरांनी घरच्या पियानोवर वाजवलेलं जुनं रेकॉर्डिंग तिनं कॉम्प्युटरवर कापलं, ताणलं, घुमवलं. मागे पडद्यावर त्यांच्याच हातांचा व्हिडिओ, पुढे ती स्वतः वाजवणार. "काका, एक शब्द बोलले तरी पुरे हो मला," म्हणाली. डोळे सुजलेले.

दुपारी तालमीत सगळा विचका झाला. सभागृहाचा पियानो मी नेहमीसारखा लावलेला. पण घरचा पियानो म्हातारा, ताण सोसायचा नाही म्हणून मीच तो वर्षानुवर्षं थोडा खालच्या सुरात लावत आलो होतो. रेकॉर्डिंगमधला तो आणि सभागृहातला हा एकत्र वाजले आणि अंगावर काटा आला. हे मी विसरावं? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तीन तास उरले होते. दोनशेवर तारा एकेक करून खाली आणल्या. घाईनं उतरवलेली तार हळूच परत वर चढते, हे तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी मास्तर पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत. शेजारी मी. काय वाजवलं पोरीनं! पडद्यावर बापाचे हात, चहूबाजूंच्या स्पीकरमधून बापाचे सूर. आणि बाप गुडघ्यावरच्या चादरीकडे बघत बसलेला.

शेवटाकडे व्हायचं तेच झालं. एका सुराला तीन तारा असतात, त्यातली एक चढली. सूर चिरकला. मी डोळे गच्च मिटले.

"अरे बहिऱ्या," शेजारून आवाज आला, "चावी आण."

अगदी खणखणीत. पोरीचे हात जागीच थांबले. तिनं वळून पाहिलं आणि तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा. पुन्हा. कॉम्प्युटरचे आवाज संपले, पडदा काळा झाला, तरी तिचं बोट काही थांबेना. मास्तरांची मान परत खाली गेली होती. लोकांना वाटलं, नव्या संगीतात असंच असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठलो, स्टेजवर गेलो, खिशातली चावी काढली. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी तार मुद्दाम बिघडवली. तिनं पट्टी दाबली. आम्ही दोघांनी खाली पाहिलं.

मास्तर चादरीची कड चाचपत होते.

"आणखी बिघडवा, काका," ती म्हणाली.