पूजाचा प्रोग्रॅम आणि मी

मित्रांनो, सांगलीतल्या एका माळ्यावर, बुटांच्या खोक्यात पडलेला मी एक जुना मॉडेम आहे. टेलिफोनच्या तारेतून संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडणं हे माझं काम. १९९७ च्या दिवाळीत सुमंत सरांनी मला आपल्या संगणक वर्गात आणलं. जोडणी लागताना मी चिरका आवाज काढायचो, आणि मुलं कौतुकाने भोवती जमायची.

सर ई-मेलवर चालणाऱ्या एका मंडळाचे सभासद होते. देशोदेशीची मराठी माणसं तिथे नवी यंत्रं, प्रोग्रॅम, गमतीचे लेख शोधून त्यांच्या लिंक एकमेकांना पाठवत. सरांनी पाठवलेल्या लिंककडे मात्र कुणी फारसं लक्ष देत नसे. ते त्यांना फार लागे.

त्यांच्या वर्गात पूजा शिकवायची. ती माण तालुक्यातली, सैन्यातून निवृत्त झालेल्या नाथाजींची मुलगी. त्या काळी एका संगणकावर लिहिलेलं मराठी दुसऱ्यावर नुसतं चिन्हांची खिचडी होऊन उमटे. पूजाने तीन महिने खपून ते नीट वाचता येईल असा प्रोग्रॅम लिहिला. सरांनी तो इंटरनेटवर ठेवला, मंडळाला पत्रातून लिंक पाठवली, आणि त्या पानावर व पत्रातही इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘कर्ता : सुमंत’. पहिल्याच फटक्यात मी ते पोचवलं.

दुसऱ्या दिवसापासून शाबासकीची पत्रं येऊ लागली. पुण्याहून, दुबईहून, अमेरिकेहून. ती मीच आणत होतो. पूजाला एवढंच कळलं होतं की प्रोग्रॅम लोकांना आवडला. तिने घरी कळवलं.

त्या रविवारी नाथाजी दहिवडीहून एसटीने आले. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. लेकीचं काम बघायचं म्हणाले. सर टाळाटाळ करू लागले, पण पूजाने आनंदाने इंटरनेटवरचं ते पान उघडलं. सैन्यात नाथाजी इंग्रजी अक्षरं शिकले होते. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचलं.

“सर, हितं तर तुमचं नाव हाय. माझ्या पोरीचं कुठं हाय?”

पूजाने एकदा पडद्याकडे आणि एकदा सरांकडे पाहिलं.

“आबा, ऱ्हाऊ द्या. चला,” ती म्हणाली. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला.

ते गेल्यावर सरांनी मंडळाला पत्र लिहिलं : हा प्रोग्रॅम पूजाचा आहे, मी खोटं लिहिलं. दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. लाईन तीन वेळा तुटली, चौथ्यांदा पत्र गेलं. पण तोवर लिंक पन्नास ठिकाणी पोचली होती, सरांच्याच नावानं. ती पुढे जातच राहिली. खुलासा कुणी पुढे पाठवला नाही.

महिनाअखेर पूजा साताऱ्याच्या एका कॉलेजात नोकरीला लागली. जाताना सरांना नमस्कार करून गेली. सरांना मान वर करता आली नाही.

मित्रांनो, मी तर यंत्र. दिलं ते पोचवलं, असं म्हणून मला सुटता येईल. पण पूजाला तो प्रोग्रॅम लिहिताना मी रोज शेजारून पाहिलं होतं, आणि तरी ते पत्र मी बिनबोभाट नेलं. त्याची लाज आजही जात नाही. कुणाचं काही आवडलं तर जरूर पुढे पाठवा. फक्त आधी थांबून बघा, ते कुणी केलंय. त्याचं नाव सोबत जाऊ द्या.