बत्तीस दात, एकही न झिजलेला

दात पहिला

मी एक जुनी दातेरी चकती आहे. तुम्ही म्हणाल, गोल चकतीला पहिला दात कुठला? बरोबर आहे, मित्रांनो. मला सुरुवात नाही. पण गोष्ट कुठूनतरी सुरू करावी लागते, म्हणून हा पहिला. माझे दात एकूण बत्तीस. सगळे सांगत बसणार नाही. सायकलची चेनसुद्धा कधीकधी दात गाळते. मीही गाळीन.

स्वतःची कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा रडतात. छत्री रडते, बाक रडतो, फाटकं पुस्तक तर पहिल्या ओळीपासून रडतं. मी रडणार नाही. माझी एक तक्रार आहे आणि ती मी ताठ मानेनं सांगणार आहे. मला मान नाही, हा भाग वेगळा.

दात दुसरा

माझा जन्म सिंगापूरचा, जुरोंगकडच्या एका कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्यातून मला कापलं, दात पाडले, घासून लखलखीत केलं. मला आठ बहिणी. सगळ्यांत धाकटीला अकरा दात, मला बत्तीस. आम्हा नऊजणींना एकापुढे एक ओवून सायकलच्या मागच्या चाकाला बसवलं. चेन धाकटीवर असली की पेडल जड आणि सायकल सुसाट. चेन माझ्यावर आली की पेडल हलकं आणि सायकल सावकाश. मी चढासाठी आहे. साध्यासुध्या नव्हे, छातीचा भाता करणाऱ्या चढासाठी.

आणि मला जन्माला घातलं कुठं? जिथला सगळ्यांत उंच डोंगर नाश्त्याच्या आधी चढून उतरता येतो तिथं.

दात तिसरा

२०१२ साली आमची सायकल सरलानं घेतली. सरला सिंगापूरच्याच पासिर रिस भागात राहते, पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात इंजिनिअर आहे. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. लहानपणी नागपुरात तासाच्या भाड्यानं मोठ्या माणसांची सायकल आणून, मधल्या दांड्याखालून पाय घालून ती शिकली होती. तिच्या नवऱ्याचं नाव शिवदास. त्याला डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा त्यानं डॉक्टर बदलला.

पहिल्याच रविवारी सरला चांगीच्या किनाऱ्यालगतच्या सपाट रस्त्यावर एकेक गिअर टाकून बघत होती. खटक, खटक करत चेन माझ्यावर आली. मला काय आनंद झाला! तेवढ्यात घट्ट कपड्यांतले तीन तरुण मागून आले.

"ग्रॅनी गिअर ऑन फ्लॅट रोड, आंटी? टायर्ड ऑलरेडी आह?"

ग्रॅनी गिअर म्हणजे आजीबाईंचा गिअर, म्हणजे मी. हसत हसत ते पुढे गेले. सरलाचे कान लाल झाले. तिनं घाईघाईनं चेन खाली उतरवली.

ती पुन्हा माझ्यावर यायला चार वर्षं लागली.

दात नववा

मधली चार वर्षं मी गाळते. त्यांत सांगण्यासारखं काही नाही, हीच तर तक्रार आहे. बहिणी राबत होत्या, झिजत होत्या. मी त्यांच्याबरोबर नुसती फिरत होते. बिनकामाचं फिरणं विश्रांतीत धरू नका.

एक मात्र सांगते. आम्ही चकत्या सायकलच्या उजव्या बाजूला असतो, म्हणून जगही आम्हाला उजवीकडचंच दिसतं. सिंगापुरात सायकल डावीकडून चालते. त्यामुळे चार वर्षं मी फक्त बसची चाकं पाहिली. आणि लॉऱ्यांची.

दात बारावा

२०१६. सरलाच्या ऑफिसातला सारंग पुण्याचा, तिशीतला, पिसासारखी हलकी सायकल बाळगणारा. त्यानं बेत काढला: इटलीच्या डोंगराळ खेड्यांतून पाच दिवस सायकल. गर्दी नाही, शर्यत नाही. द्राक्षमळे, दगडी गावं आणि शांत रस्ते. थकलेल्यांना उचलून घ्यायला मागून एक व्हॅन. सरलानं त्याच दिवशी नाव दिलं.

महिन्याभरानं एका रविवारी सारंग यादी घेऊन तिच्या घरी आला. मी दाराबाहेरच्या कठड्याला टेकून ऐकत होते.

"मॅडम, शेवटच्या दिवशी तुमचं नाव व्हॅनमध्ये टाकलंय. डोंगरमाथ्यावरचं गाव आहे, चढ फार वाईट आहे हो."

"मला विचारलंत?"

"अहो मॅडम, तुमच्या काळजीपोटीच."

"काळजी तुमची, पण नाव माझं आहे. खोडा ते."

"खोडतो. पण जागा राखून ठेवतो, काय?"

"ठेवा. कुणाला तरी लागेल."

तो गेल्यावर सरला शिवदासला म्हणाली, "जन्मभर बघतेय मी. माझी जागा लोक आधीच ठरवून ठेवतात. वर्गात ठरवली, ऑफिसात ठरवली, आता डोंगरावरसुद्धा? मी त्या गाडीत बसणार नाही. आणि पायही टेकवणार नाही, सांगून ठेवते."

"नको टेकवूस," शिवदास म्हणाला. "ती मोठी चकती आहे की. ती वापर."

"ती वापरणं म्हणजे अर्धी व्हॅनच."

अर्धी व्हॅन! मित्रांनो, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. ज्या बाईला आपली जागा दुसऱ्यांनी ठरवलेली चालत नव्हती, तीच माझी जागा मला न विचारता ठरवत होती.

दात तेरावा

आता चढाचा सराव करायचा कुठं? सरलानं शेजारच्या ब्लॉकचं सहा मजली कार पार्क निवडलं. गाड्या वर नेणारा गोल गोल उतार. खालून गच्चीपर्यंत एक फेरी. रोज सकाळी सहा फेऱ्या, माझ्या मधल्या बहिणींवर, दात-ओठ खात. तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. तो माझ्याच बाजूला असल्यामुळे मला स्पष्ट ऐकू यायचा.

तिथं झाडू मारणारे एक अंकल होते. पहिल्या दिवशी त्यांनी झाडू आडवा धरला.

"आंटी, धिस वन कार पार्क. नॉट सायकल पार्क."

"ओन्ली सिक्स राउंड, अंकल."

"सिक्स? सो हॉट! यू क्रेझी आह?"

आठवड्याभरात अंकल बदलले. झाडू बाजूला घेऊन ते फेऱ्या मोजू लागले. "फोर डन, आंटी! टू मोअर!" शेवटच्या वळणावर सरला धापा टाकत, हँडलवर वाकून, जवळजवळ थांबत यायची. तेव्हा ते एकच वाक्य म्हणायचे.

"व्हाय सो रश? स्लो ऑल्सो कॅन."

हळू गेलं तरी चालतं. सरला हसायची, घरी शिवदासला ते वाक्य म्हणून दाखवायची, पण ऐकायची नाही.

दात चौदावा

पुठ्ठ्याचं खोकं. अंधार. विमान.

दात पंधरावा

इटलीत सायकल उजवीकडून चालते!

त्या पहिल्या सकाळी काय झालं ते फक्त मलाच माहीत आहे. चार वर्षं बसची चाकं पाहिलेल्या माझ्यापुढे अचानक रस्त्याची कड आली. गवत. गवतात लाल पॉपीची फुलं. शेवाळलेल्या दगडी भिंती, भिंतीवर पालथी पडून ऊन खाणारी मांजर. ऑलिव्हची वाकडी, रुपेरी पानांची झाडं. द्राक्षाच्या रांगा, त्या टेकडीवरून अशा उतरत होत्या की कुणी कंगवा फिरवलाय. रस्त्याच्या डाव्या बाजूला म्हणे दऱ्या होत्या, आणि सगळे त्यांचेच फोटो काढत होते. मी दरी पाहिली नाही. निम्मी इटली पाहिली आणि ती मला पुरली.

आणि शांतता! मैलोन् मैल गाडी नाही. टायर रस्त्याला घासल्याचा आवाज, चेनची किरकिर, लांब कुठंतरी चर्चची घंटा. दुपारी दगडी गावांतून जाताना खिडक्या बंद असायच्या, आतून बशा-चमच्यांचा आवाज यायचा. दारातल्या बाकावरची म्हातारी माणसं हात वर करायची. सरलाही करायची.

चार दिवस असे गेले. टेकड्या आल्या नि गेल्या. चौथीपाचवी बहीण राबली. सारंग रोज सगळ्यांत आधी मुक्कामाला पोचायचा आणि सरला सगळ्यांत शेवटी. शिवदास व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायचा.

दात सोळावा

पाचवा दिवस. डोंगरमाथ्यावरच्या गावाचं नाव इतकं अवघड होतं की शिवदास शेवटपर्यंत त्याला "वरचं गाव" म्हणाला.

नऊ किलोमीटर चढ. पहिले सात सरलानं काढले. मग रस्ता उभाच राहिला. वेशीच्या कमानीकडे जाणारी दगडी फरसबंदीची गल्ली, दोन्ही बाजूंना घरं. सरला माझ्या शेजारच्या बहिणीवर होती, सव्वीस दातांच्या. तिच्यानंतर फक्त मी.

मागून व्हॅन आली. तिच्या खिडकीत कोण होतं माहीत आहे? सारंग. त्याच्या हलक्या सायकलला शर्यतीचेच गिअर होते, माझ्यासारखी चकतीच नव्हती. खालच्या वळणावर त्याच्या पोटरीत गोळा आला होता.

"मॅडम, या ना आत! जागा आहे!"

"पाय... पसरून... बसा!" सरला म्हणाली. तीन शब्दांना तिला तीन श्वास लागले.

गुडघा आता कुरकुरत नव्हता, ओरडत होता. पेडल एकेका फेरीला अडत होतं. सायकल डगमगली. पुढचं चाक भिंतीकडे वळलं. तिचा उजवा पाय पेडलवरून सुटायला लागला. खालचा दगड मला दिसत होता. एक वीत अंतर.

"मॅडम, हट्ट सोडा आता!"

आणि मग शिवदासचा आवाज. तो ओरडला नाही. जेवायला हाक मारावी तसा म्हणाला.

"सरला, झाडूवाले अंकल काय म्हणायचे गं?"

दात सतरावा

खटक.

दात अठरावा

चेन आली. माझ्या सतराव्या दातावर पहिली कडी बसली, मग अठराव्यावर, मग एकोणिसाव्यावर. चार वर्षांनी बाईचं सगळं वजन, सगळा राग, सगळा हट्ट माझ्यावर आला. मी वाकले नाही. पोलाद यासाठीच असतं.

तिचे पाय भराभर फिरू लागले, सायकल मात्र मुंगीच्या पावलानं. एक कुत्रं आम्हाला मागे टाकून गेलं. भाजीची पिशवी घेतलेली एक आजी आमच्या पुढे गेली, थांबली, वळून पाहून पुन्हा चालू लागली. सरला तोंडानं पुटपुटत होती, "स्लो ऑल्सो कॅन, स्लो ऑल्सो कॅन." प्रत्येक पेडलला एकदा.

आणि गंमत ऐका. गल्ली एवढी अरुंद होती की व्हॅनला आमच्या पुढे जाताच येईना! ती, तिच्यातला सारंग, मागच्या रांगेतले त्याचे आणखी दोन थकलेले दोस्त, सगळे आमच्या मागे, आमच्या चालीनं. मुंगीमागे हत्ती. ड्रायव्हरनं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

कमान आली. कमानीनंतर चौक. चौकात कारंजं. कारंज्याच्या पायरीवर सरलानं पाय टेकवला, स्वतःच्या मर्जीनं.

मग ती खाली वाकली आणि मला बोट लावलं. बोटाला काळं वंगण लागलं, तेच बोट घाम पुसताना गालाला.

"गालाला काळं लागलंय," शिवदास म्हणाला.

"असू दे."

सारंग लंगडत खाली उतरला. पोटरी चोळत माझ्याजवळ वाकला. मग म्हणाला, "मॅडम, ही चकती किती दातांची आहे?"

"बत्तीस," सरला म्हणाली. "आणि तिचं नाव यादीत नव्हतं."

दात एकतिसावा

सिंगापूरला परतल्यावर सायकल दुरुस्तीवाल्या लिम अंकलनी आम्हा सगळ्यांना सोडवून मेजावर मांडलं. बहिणींचे दात झिजून टोकदार झाले होते. नवी चेन त्यांच्यावर टिकणार नव्हती.

"ऑल फिनिश, आंटी. चेंज ऑल." मग त्यांनी मला उचललं. "धिस बिग वन स्टिल न्यू. नेव्हर यूज मेह?"

"यूज्ड," सरला म्हणाली. "वन्स."

"वन्स ओन्ली? थ्रो लाह!"

शिवदास मध्ये पडला. "टाकायची कशाला? काचेच्या चौकटीत घालून हॉलमध्ये लावू. आठवण."

मित्रांनो, कचऱ्याच्या डब्यापेक्षा मला त्या चौकटीची जास्त भीती वाटली. डबा निदान खोटं तरी बोलत नाही.

सरलानं मला शिवदासच्या हातातून घेतलं. "भिंत चढून कुठं जायचंय तिला? अंकल, पुट बॅक."

दात बत्तिसावा

हे २०१९ साल आहे. आठ नव्या बहिणींत मी एकटी जुनी. शहर तसंच सपाट आहे. पण रविवारी चांगीकडे जाताना एखादा पूल लागला, थोडासा उंचवटा लागला, की सरला खटकन चेन माझ्यावर आणते. घट्ट कपड्यांतले तरुण अजून हसतात. "ग्रॅनी गिअर, आंटी?"

"यस," ती म्हणते. "यू डोन्ट हॅव? सो पुअर थिंग!"

मित्रांनो, आता शेवटी मी हात जोडून काही मागावं अशी रीत आहे. मला हात नाहीत, आणि मी विनवणीही करणार नाही. हळू चालणाऱ्याला हसायचं असेल तर हसा, चढावर भेटू. पण तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, वस्तू असेल किंवा माणूस असेल, तर त्याला नुसतं जपून ठेवू नका. तेल घाला, माती पुसा, आणि कामाला लावा. त्याची जागा ठरवण्याआधी त्याला एकदा चढ तरी दाखवा.

गेल्या रविवारी सरला मला फडक्यानं पुसत होती. पुसता पुसता थांबली. चष्मा लावून जवळून पाहिलं आणि सतराव्या दातावर बोट ठेवलं. तो झिजायला लागलाय.

"अहो, हे बघा," तिनं शिवदासला हाक मारली. "लागली कामाला."