एकोणसाठने भाग जातो

पाढेमास्तर हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि मास्तरांना ते मनातून आवडायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रस्त्यातल्या गाड्यांच्या नंबरांचे अवयव पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. फक्त एका आकड्याच्या वाटेला ते जात नसत. तीस हजार एकतीस.

त्याचं असं झालं. सव्वीस वर्षांपूर्वी तपासनीससाहेब वर्गात येऊन बसले होते आणि मास्तर रंगात आले होते. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. जी संख्या येईल ती मूळ संख्याच, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जायचा नाही, असं त्यांनी ठोकून दिलं. तेराच्या आधी थांबलं तर ते दर वेळी जमून येतं, मग इथेही जमणारच की! फळ्यावर ३००३१ लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन उभी राहिली.

"सर, एकोणसाठने भाग जातो."

मास्तरांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाढे धड येत नाहीत आणि निघाल्या मास्तरांना शिकवायला!"

वर्ग खो खो हसला. साहेबही हसले. मुलगी खाली बसली.

संध्याकाळी मास्तरांनी घरी गुपचूप भागाकार केला. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ, बाकी शून्य. दुसऱ्या दिवशी ते वर्गात गेले आणि त्यांनी सरळ पुढचा धडा काढला. चूक कुणाच्याही हातून होते, पण त्या पुढच्या धड्याची लाज त्यांना आजतागायत वाटत होती.

आणि आज शर्ट शिवायला टाकायला म्हणून नव्या दुकानात गेले, तर गळ्यात टेप अडकवून समोर तीच!

"या ना सर!" म्हणत तिने छाती मोजली. "चाळीस." मग आत हाक मारली, "जाऊबाई, जरा बघता?" जाऊ आली, तिनेही टेप लावली, "चाळीसच गं बाई," म्हणाली. खांद्यांचंही तसंच झालं. एकदा हिने, एकदा तिने.

"दोनदा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही सर. शाळेपासूनच. जाऊबाईंनी बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही." ती हसत होती.

"तुझं बरोबर होतं," मास्तर कसेबसे म्हणाले. "एकोणसाठने जातो भाग. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

तिचं हसू मावळलं. "त्याच संध्याकाळी?"

"हो."

"मी तो भागाकार घरी जाऊन सात वेळा केला, सर. सातही वेळा तेच आलं. मग वाटलं, आपल्याला भागाकारच येत नाही."

मास्तरांनी हात लांब केला. तिने बाहीचं माप घेतलं. "तेवीस."

"तेवीसच आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "कुणाला बोलावू नकोस. लिही."

तिने पेन वहीवर टेकवलं. लिहिलं मात्र नाही. मग आतल्या दाराकडे वळून म्हणाली, "जाऊबाई, जरा येता?"

मास्तरांनी हात पुन्हा लांब केला.